तिघी एका लुनावर

भूकंपात निलंग्याजवळच्या गावातलं आमचं घर पडलं. बारावीचा अभ्यास मी पत्र्याच्या शेडमध्येच केला. मेडिकलला मार्क कमी पडले, तेव्हा परीक्षा पुन्हा द्यायचं ठरवून शिकवणीसाठी लातूरला आले. खोलीत आम्ही तिघी राहायचो. एकीची लुना होती. एका सकाळी फिजिक्सचा तास गाठायला तिघी तिच्यावर बसलो. लायसन्स माझं, म्हणून चालवत मी होते. चौकात हवालदारानं अडवलं, माझं नाव-पत्ता लिहून सही घेतली आणि सोडलं. पुढं आम्ही ते विसरलो.

वर्षभरानं मी गावी असताना कोर्टाचं समन्स आलं. मेडिकलचा प्रवेश हातचा जातो की काय, या धास्तीनं मला रडू फुटलं. वडील मात्र शांत होते. "आपण केलंय न्हवं? मग कबूल करायचं," म्हणाले.

लातूरच्या कोर्टाबाहेर टाइपरायटर घेऊन एक म्हातारे चाचा अर्ज लिहीत बसले होते. कबुलीचा अर्ज लिहून घ्यायला वडिलांनी समन्सचा कागद त्यांच्यापुढं ठेवला. त्यांनी तो दोनदा वाचला, बोटांवर महिने मोजले.

"बेटा, लुना अडवली त्याला अकरा महिने झाल्यावर केस दाखल केलीय. नुसत्या दंडाच्या गुन्ह्याला मुदत सहाच महिन्यांची हाय. एवढंच साहेबांना सांग."

आत खुर्चीवर बाई मॅजिस्ट्रेट होत्या. मी चाचांचं वाक्य जसंच्या तसं म्हटलं. त्यांनी तारखा पाहिल्या, उशिराचं कारण सरकारी वकिलांना विचारलं. त्यांच्याकडं ते नव्हतं. मुदत संपल्यामुळं केस चालणार नाही, असं सांगून बाईंनी कागद बाजूला ठेवला.

तेवढ्यात वडील मागून हात जोडून उभे राहिले. "बाईसाहेब, पोरीनं चूक केलीय. दंड घ्या की."

सगळं कोर्ट हसलं, बाईही हसल्या. "घेता येत नाही हो, काका. कायदा मलाही आहे. आता तिला दोघींनीच बसायला सांगा."

बाहेर चाचांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. परतीच्या एसटीत औशापर्यंत वडील खिडकीबाहेर बघत बसले. तिथं शेजारी एक अनोळखी माणूस येऊन बसला, आणि निलंगा येईपर्यंत वडिलांनी त्याला, मग अख्ख्या एसटीला, माझ्या केसची हकिकत ऐकवली. उतरताना कंडक्टरनंही मला विचारलं, वकील होणार का म्हणून.