तिसऱ्या वाक्याला डोळे मिटणारे मोहनकाका

ह्यूस्टनजवळच्या शुगर लँडच्या मराठी ख्रिस्ती मंडळींत मोहनकाका चक्रनारायण यांचा लौकिक दोन गोष्टींसाठी होता. त्यांच्याइतकी मनापासून प्रार्थना कुणी करत नसे, आणि त्यांच्याइतकी लांबही कुणी करत नसे. दर पंधरवड्याला शनिवारी संध्याकाळी कुणाच्या तरी घरी संगती भरायची. दोन गीतं, शास्त्रपाठ, मग ज्याची त्याची प्रार्थनेची विनंती, आणि शेवटी मोहनकाका. त्यांच्या नमनालाच घडाभर तेल जायचं. मग कुणाचं ग्रीन कार्ड, कुणाच्या आईचे मिरजेतले गुडघे, कुणाची हातातोंडाशी आलेली नोकरी, हे सगळं ते देवाला नावागावासकट सांगायचे. आत बिर्याणीचा ट्रे गार होत असायचा. रेणूमावशी, म्हणजे संगतीतली नर्स आणि काकांची जुनी मैत्रीण, सगळ्यांना ऐकू जाईल असं पुटपुटायची, "झालं, काका देवाला बातम्या द्यायला बसले."

थट्टा होती, पण तिच्यात विष नव्हतं. कारण कुणी आजारी पडलं की सगळ्यांत आधी हॉस्पिटलात पोचायचे ते काकाच. टेक्सासच्या रणरणत्या दुपारी तासभर गाडी हाकून ते यायचे, घामानं शर्ट पाठीला चिकटलेला असायचा, आणि हातात त्यांच्या बायकोनं, मालिनीकाकूंनी, दिलेला मऊ भाताचा डबा. अशा माणसावर रागवायचं तरी कसं?

मात्र या गुणाला एक खोड चिकटली होती. कुणी आपलं दुःख सांगू लागलं की तिसऱ्या वाक्याला काकांचे डोळे मिटायचे, हात समोरच्याच्या खांद्यावर जायचा आणि 'हे प्रेमळ स्वर्गीय पित्या' सुरू व्हायचं. चौथं वाक्य बोलायची पाळी कुणावर कधी आलीच नाही. आमेन झालं की काका समाधानानं उठायचे, आणि समोरचा माणूस उरलेलं दुःख तसंच पोटात ठेवून त्यांना दारापर्यंत सोडायला जायचा.

ही सवय जुनी होती. काकांचे वडील नगरजवळच्या खेड्यांतून सायकलवर फिरणारे उपदेशक. दारी आलेल्याला द्यायला घरात दुसरं काही नसायचं, म्हणून ते प्रार्थना द्यायचे, आणि माणूस रिकाम्या हातानं गेला नाही याचा त्यांना आनंद व्हायचा. पुढे मोहन शिकायला ह्यूस्टनला आला, तेव्हा मराठीत बोलायला जवळ कुणी नव्हतं. फोन परवडायचा नाही. मग खोलीचं दार लावून तो देवाशीच मोठ्यानं बोलायचा. वर्गात काय झालं, कोणता प्रोफेसर खडूस आहे, डाळ कशी करपली, सगळं. देव त्याच्याशी मराठीत बोलणारा एकमेव सोबती होता. अर्थात बोलायचा मोहनच. पुढे गॅसच्या पाइपलाइनीत नोकरी लागली, मालिनी आली, अदिती झाली, घर झालं, पण तोंड एकदा सुरू झालं ते झालंच.

या खोडीनं शेवटी घरचंच माणूस दुखावलं. अदिती, त्यांची एकुलती एक लेक, नवऱ्याबरोबर, सुशांतबरोबर, ह्यूस्टनच्या पार दुसऱ्या टोकाला राहायची. गेल्या हिवाळ्यात गरोदरपणाच्या पाचव्या महिन्यात तिचं बाळ गेलं. हॉस्पिटलात ती काकांचा हात धरून म्हणाली, "पप्पा, मला एक सांगायचंय." काकांचा गळा दाटून आला होता. गळा दाटला की त्यांना एकच उपाय ठाऊक होता. त्यांनी डोळे मिटले. मग काही आठवड्यांनी ती संगतीला आली, तेव्हा सर्वांसमोर उभं राहून त्यांनी देवाच्या योजनेबद्दल आभार मानले आणि पुढच्या वर्षी या घरात पाळणा हलू दे, असं मागितलं. सगळे मनापासून आमेन म्हणाले. काकांचे डोळे मिटलेले होते, त्यामुळे अदितीचा चेहरा त्यांना दिसला नाही. मालिनीकाकूंना दिसला. त्यानंतर अदिती आईबापांच्या घरी आली नाही. फोन करायची तो आईला.

"तिला वेळ हवाय," काका म्हणायचे. "मी रोज प्रार्थना करतोय तिच्यासाठी."

"करताय ते ऐकू येतंय," काकू म्हणायच्या. "शेजारच्या अमेरिकनांनाही येतंय. पण तिला काय म्हणायचंय ते विचारलंत का कधी?"

काका मोठा उसासा टाकून म्हणायचे, "देवाला सगळं ठाऊक आहे, मालिनी." काकू पोळ्या लाटायला जायच्या.

उन्हाळ्याच्या तोंडावर काकांचा आवाज बसला. मिठाच्या गुळण्या झाल्या, हळद-दूध झालं, ज्येष्ठमध झालं, पण आवाज काही उठेना. कान-नाक-घशाच्या डॉक्टरीणबाईंनी नळी घालून पाहिलं आणि स्वरतंतूंवर एक साधी गाठ आहे म्हणाल्या. ती छोट्याशा शस्त्रक्रियेनं निघाली. घाबरण्यासारखं काही नव्हतं, पण पुढचे दोन आठवडे एक शब्दही बोलायचा नाही, कुजबुजायचंसुद्धा नाही, असं त्यांनी बजावलं. मालिनीकाकूंनी घरी येईपर्यंत गंभीर चेहरा कसाबसा टिकवला. "छत्तीस वर्षांत मला जमलं नाही ते त्या बाईनं पंधरा मिनिटांत करून दाखवलं," त्या रेणूमावशीला फोनवर म्हणाल्या, आणि काकांना पलीकडचं खो-खो हसणं स्पष्ट ऐकू आलं.

फोनवर टाइप केलेलं वाचून दाखवणारं एक अ‍ॅप काकांनी उतरवून घेतलं. त्यातली बाई स्टेशनावर गाडीला उशीर झाल्याचं सांगावं अशा सुरात बोलायची. "चहात साखर कमी आहे," ती दिवाणखान्यात जाहीर करायची. "ही सवत कुठून आणलीत?" काकू विचारायच्या. काकांना हसू यायचं, पण हसायलाही बंदी होती.

खरी पंचाईत सकाळी व्हायची. रोज पहाटे खिडकीजवळच्या खुर्चीत बसून मोठ्यानं प्रार्थना करायचा त्यांचा शिरस्ता होता. आता ते मनातल्या मनात करू लागले, आणि त्यांच्या लक्षात आलं की मनातल्या मनात ती टिकतच नाही. दोन ओळी झाल्या की मन गवत कापायला, गाडीचं ऑइल बदलायला निघून जायचं. आवाज होता तोवर आपण प्रार्थनेत आहोत असं वाटायचं. आवाज गेल्यावर समोर नुसती खिडकी उरली. काकांना भीती वाटली. इतकी वर्षं आपण बोलत होतो ते कुणाशी? पलीकडून कधी काही आलं होतं का? आलं असलं तरी आपल्या आवाजात ते ऐकू कसं येणार होतं?

तरीही ते उठले नाहीत. दुसरं काही येत नव्हतं म्हणून बसून राहिले. रोज येऊन नुसतेच बसायचे. असेच काही दिवस गेल्यावर एका सकाळी स्वयंपाकघरातून बारीक गाणं ऐकू आलं. मालिनीकाकू भांडी लावता लावता नगरच्या चर्चमधलं एक जुनं गीत गुणगुणत होत्या. काकांनी फोन पुढे केला. बाई म्हणाली, "तू हे कधीपासून गातेस?"

काकू चकित झाल्या. "रोजच गाते की. लग्न झाल्यापासून."

काका खुर्चीत परत आले ते गप्प होऊन. गप्प तर ते होतेच, पण आता आतूनही गप्प झाले. छत्तीस वर्षं घरात गाणं होतं आणि ते आपल्याला माहीत नव्हतं, याची त्यांना लाज वाटली. आता त्यांनी देवाला काही सांगितलं नाही, काही मागितलं नाही. झाडलेल्या अंगणासारखं मन मोकळं पडलं होतं. आणि त्या मोकळ्या जागेत एक प्रश्न आला. आवाज नाही, प्रकाश नाही, साधा प्रश्न. हॉस्पिटलात अदिती काय सांगणार होती?

काकांना उत्तर माहीत नव्हतं. देवाकडून काही आलंच तर ते सांत्वन असेल, आशीर्वाद असेल, अशी त्यांची समजूत होती. हे तर बोट धरून लेकीच्या दारात उभं करणं होतं. पण हे आपल्याच मनाचं नव्हे, एवढं त्यांना नक्की कळलं, कारण स्वतःला असला प्रश्न विचारायची त्यांना सवयच नव्हती.

पुढच्या आठवड्यात डॉक्टरांकडे तपासणीला जायचं होतं. काकांना तोवर गाडी चालवायला मनाई होती आणि काकू हायवेवर गाडी घालत नसत, म्हणून रेणूमावशी नेणार असं ठरलं होतं. काकांनी टाइप केलं आणि बाईनं घोषणा केली, "अदितीला विचार. ती मला नेईल का?"

अदिती आली. दारातूनच आईला मिठी मारून म्हणाली, "चला पप्पा, ट्रॅफिक लागेल." आणि ट्रॅफिक लागलंच. पुढे कुठेतरी अपघात झाला होता. चारही लेन तापलेल्या डांबरावर ठप्प उभ्या होत्या. एसी फुल्ल होता. काका खिडकीतून बाहेर न पाहता लेकीकडे पाहत राहिले. ती वाळली होती.

"काय बघताय?" ती म्हणाली. काकांनी मान हलवली. फोन मांडीवर पालथा घातला.

बऱ्याच वेळानं ती समोरच्या ट्रककडे पाहत म्हणाली, "मला तुमचा राग आला होता, पप्पा. अजून आहे." काकांनी मान डोलावली. "एव्हरीबडी सेड आमेन, पुढचं बाळ, पुढचं वर्ष."

आता तिसरं वाक्य आलं, आणि काकांच्या पापण्या आपोआप खाली झुकल्या. हातही उचलला गेला. घशात सगळे शब्द तयार होते, वर्षानुवर्षं वापरून गुळगुळीत झालेले. त्यांनी डोळे उघडले. हात परत मांडीवर ठेवला. हे त्यांना शस्त्रक्रियेपेक्षा जड गेलं.

"शी वॉज हिअर, पप्पा," अदिती म्हणाली. "मी तिला हातात घेतलं होतं. एवढीशी होती. नर्सनं टोपी घातली होती तिला. आम्ही तिला नाव दिलं होतं. तेच सांगणार होते मी त्या दिवशी. बट यू स्टार्टेड प्रेइंग. मग सगळे तिला विसरून पुढच्या बाळाचंच बोलायला लागले. तिचं नाव कुणी विचारलंच नाही."

काकांनी फोन सुलटा केला. टाइप करताना दोनदा चुकलं. मग त्या थंडगार गाडीत स्टेशनवरच्या बाईनं विचारलं, "तिचं नाव काय?"

अदितीला आधी हसू फुटलं, मग रडू. दोन्ही एकदमच आलं. मागच्या गाड्या हॉर्न वाजवू लागल्या होत्या, पुढची लेन मोकळी झाली होती. "केया," ती म्हणाली आणि गाडी पुढे घेतली. डॉक्टरांकडे पोचेपर्यंत ती केयाबद्दलच बोलत होती, आणि काका डोळे सताड उघडे ठेवून ऐकत होते. ते खूप रडले, पण हूं की चूं केलं नाही.

आवाज परत आला तो थोडा खरखरीत. आल्यावर काकांनी आधी अदितीला फोन केला. "शनिवारी संगती आपल्याकडे आहे. तिचं नाव घेऊ का प्रार्थनेत?"

ती म्हणाली, "नको, पप्पा. घ्यायचं तर मी घेईन. आय डोन्ट नो. जमलं तर."

"बरं," काका म्हणाले. आणि त्यांनी एक शब्द पुढे जोडला नाही.

शनिवारी घर भरलं. अदिती आणि सुशांत येऊन सोफ्याच्या कडेला बसले. गीतं झाली, शास्त्रपाठ झाला. मोहनकाका उठले तशी रेणूमावशी झटकन आत जाऊन बिर्याणी ओव्हनमध्ये ठेवून आली. महिन्याभराचं साठलेलं आज निघणार, असंच सगळ्यांना वाटत होतं.

"हे प्रेमळ स्वर्गीय पित्या," काका म्हणाले, "आम्ही तुझ्यासमोर आहोत. आज आम्ही ऐकतो."

आणि थांबले. लोकांना वाटलं, श्वास घेतायत. मग वाटलं, घसा दुखतोय. एकेकानं डोळे किलकिले केले. काका उभे होते, डोळे उघडे, तोंड मिटलेलं. एसी घरघरत होता. शब्द त्यांच्या जिभेवर येत होते आणि ते एकेक गिळत होते. अदितीकडे त्यांनी मुद्दाम पाहिलं नाही. ती बोलेल की नाही हे त्यांना माहीत नव्हतं. नाही बोलली तरी ही जागा आपण भरायची नाही, एवढंच त्यांनी ठरवलं होतं. मालिनीकाकूंनी पदर मुठीत घट्ट धरला.

"देवा," सोफ्याच्या कडेवरून बारीक आवाज आला, "आमच्या मुलीचं नाव केया आहे." अदितीचं मराठी अडखळत होतं. "तिचे केस खूप काळे होते. नाक सुशांतसारखं होतं." तिचा आवाज फाटला. कुणी आमेन म्हणालं नाही. मग ती चौथं वाक्य बोलली, पाचवं बोलली, आणि बोलतच राहिली, मराठीत, इंग्लिशमध्ये, जमेल तसं. मोहनकाकांच्या आजवरच्या कुठल्याही प्रार्थनेपेक्षा ती लांब झाली. ओव्हनची घंटी वाजून वाजून बंद पडली तरी रेणूमावशी जागची उठली नाही.

शेवटी अदिती थांबली, तेव्हा काका वाट पाहत राहिले. तिचं खरंच संपलंय ना, याची खात्री झाल्यावरच ते आमेन म्हणाले.