पान वर उलटायची पोथी

विनोदिनीविषयी कुणीतरी लिहावे असे मला फार दिवस वाटत होते. ते आपणच लिहावे असे मात्र कधी वाटले नाही. मी कारखान्याच्या स्टोअरमध्ये नोकरी केली. साधे पत्र लिहायचे म्हटले तरी आधी कच्चे लिहितो. पण त्या वर्षी धारच्या देवळात मी जे पाहिले ते सांगणारा दुसरा कुणी दिसत नाही, म्हणून जमेल तसे लिहितो.

विनोदिनी देवासला आमच्याच कॉलनीत, दोन घरे सोडून राहते. तिचे सासरे आणि मी एकाच सुमारास महाराष्ट्रातून नोकरीसाठी इथे आलो. ती स्वतः देवासचीच, हिंदी शाळेत शिकलेली. मराठी बोलते फर्डे, पण वाचायची वेळ आली की ओळीखाली बोट ठेवते. नवऱ्याच्या कारखान्यात काम कमी झाले तेव्हा ती रोज बसने इंदूरला जाऊन कॉम्प्युटर शिकली आणि घराच्या पुढच्या खोलीत एक कॉम्प्युटर नि एक लेझर प्रिंटर मांडून बसली. बाहेर ‘वैष्णवी टाइपसेटिंग’ अशी पाटी लावली. वैष्णवी तिची मुलगी.

मराठी लग्नपत्रिका आली की ती कुंपणावरून हाक मारी. "काका, या जरा नजर टाकायला. नाहीतर नवरदेवाची आत्या मला खाईल."

मी जाऊन कोपऱ्यातल्या स्टुलावर बसे. तपासायचे काम थोडेच असे, पण तिथून उठवत नसे. अक्षर एकदा कागदावर उमटले की ते तिथेच राहते, एवढेच मला आयुष्यभर ठाऊक. इथे ती अख्खी ओळ उचलून दुसरीकडे ठेवी, गणपतीचे चित्र कोपऱ्याला धरून लहान करी, आणि पसंत पडले नाही तर एका बोटाने सगळे पूर्वीसारखे करून टाकी. झालेली गोष्ट न झालेली करता येते हे पहिल्यांदा पाहिले तेव्हा माझ्या अंगावर काटा आला होता.

तिच्या काही सवयी होत्या. बोलता बोलता डाव्या हाताची दोन बोटे आपोआप हलत आणि झालेले काम सेव्ह होई. "लाइट काय सांगून जाते का, काका?" त्या काळात आमच्याकडे वीज केव्हाही जाई, पण तिची ओळ कधी गेली नाही. फाइल दुसऱ्या दुकानात न्यायची असली तर तिचा फॉन्ट, म्हणजे ज्या वळणाची अक्षरे वापरली ते वळण, वेगळ्या फ्लॉपीवर सोबत घ्यायचे. "नवरीला पाठवायचं आणि तिची पेटी माहेरी ठेवायची, असं कुठे असतं?" कुणी गिऱ्हाईक सगळाच मजकूर जाड अक्षरात मागे, तेव्हा ती हात जोडी. "सबही चिल्लाएँगे तो सुनेगा कौन, भिया?"

आणि सगळ्यांत आधी, कॉम्प्युटर सुरू करण्याच्याही आधी, कोरा कागद घेऊन त्याची घडी घालायची. पत्रिका कुठून उघडेल, उघडल्यावर आधी काय दिसेल, हे हातात धरून पाहायचे. त्या कोऱ्या घडीला ती डमी म्हणे. हाटपिपल्याच्या नृसिंह मंदिराचे साधे पत्रक आले तरी डमी केल्याशिवाय तिचा माउस हलत नसे.

आता अक्काविषयी सांगतो. अक्का म्हणजे माझी थोरली बहीण, धारला दिलेली. तिच्या सासरचे लोक जुन्या संस्थानात कामावर होते. घराशेजारीच त्यांचे खंडोबाचे लहानसे देऊळ आहे. मार्गशीर्षात प्रतिपदेपासून चंपाषष्ठीपर्यंत तिथे देवाचे माहात्म्य वाचतात. पोथी घराण्यातल्याच कुणा पूर्वजाने ओव्यांत रचलेली, हाताने लिहिलेली. सुटी आडवी पाने, लाल बासनात बांधलेली. आमचे भाऊजी गेल्यावर वाचनाचे आसन अक्काकडे आले. वाचनाचे नियम दोन. तोंडपाठ असले तरी डोळे पानावर ठेवूनच वाचायचे, आणि अध्याय मधे तुटू द्यायचा नाही.

एकोणीसशे नव्व्याण्णव साली अक्काच्या वाचनात अध्याय तुटला, आणि एकदाच नाही. शाई फिकी झालेली आणि अक्काची नजर अधू. आहे तेवढी दृष्टी सांभाळा, यापुढे शस्त्रक्रियेचाही उपयोग नाही, असे डॉक्टरांनी सांगितलेले. देवळाची व्यवस्था तिचे धाकटे दीर शालिग्राम पाहतात. माणूस वाईट नाही, पण कुळाचारात काही उणे राहील म्हणून फार भितो. ते म्हणाले, "वहिनी, पुढच्या वर्षी कॅसेट लावू. एका शास्त्रीबुवांच्या आवाजात सगळी पोथी भरून घेतो. तुम्ही शेजारी बसून ऐका."

मी निघताना अक्का मला म्हणाली, "शेजारी बसून काय करू रे, बापू? माझा आवाज आहे की अजून."

देवासला आल्यावर मी हे विनोदिनीला सांगितले. "अक्षर मोठं करू. त्यात काय?" ती म्हणाली. मला वाटले, झाले काम. पण तिने पोथीला हात लावला नाही. आधी एका कागदावर एकच ओवी लहानापासून मोठ्यापर्यंत निरनिराळ्या आकारांत छापून दिली. "हे अक्कांसमोर धरा. कुठून वाचतात तिथे खूण करा. मोठं केलं की वाचता येईल, पण किती मोठं ते डोळ्यांनीच सांगायला पाहिजे."

अक्काने खूण केली. मग दुसरा कागद गेला, मग आणखी एक. मी देवास आणि धारच्या मध्ये निरोप्यासारखा फिरत होतो. जाड अक्षर चालत नाही असे निघाले. जाड केले की अक्षराच्या पोटातली पोकळी बुजते आणि अधू डोळ्याला सगळी अक्षरे सारखी दिसतात. अक्षर मोठे करण्यापेक्षा दोन ओळींतले अंतर वाढवल्याने जास्त फरक पडतो. पांढराशुभ्र कागद चमकतो, सायीच्या रंगाचा बरा. हे सगळे तिने कुठल्या पुस्तकातून काढले नव्हते. अक्काच्या त्या खुणांकडे ती टक लावून बसे.

मूळ पोथी धारलाच राहिली, मी एकेका पृष्ठाची सुटी झेरॉक्स आणून दिली होती. ती टाइप करताना विनोदिनी मोठ्याने वाची. बोट ठेवून, अडखळत, पण मोठ्याने. "पान कुठे संपवायचं ते डोळ्याला कळत नाही, काका. दमाला कळतं." म्हणून तिच्या पोथीत एकही ओवी अर्धी तुटून पुढच्या पानावर गेली नाही. जिथे वाचणारा श्वास घेईल, तिथेच पान संपे. एखाद्या पृष्ठावर खाली जागा रिकामी राही, पण ती भरायचा मोह तिने केला नाही.

दोन हजार साली मार्गशीर्ष लागायच्या आदल्या दिवशी मी ती नवी पोथी घेऊन धारला पोचलो. अक्काने तिच्यावरून तळहात फिरवला. मग चौरंगावर ठेवून वाचायला लागली. पहिले पृष्ठ सरळ, खणखणीत गेले. शालिग्रामसुद्धा दारात येऊन उभे राहिले. पृष्ठ संपले, अक्काने आपल्याजवळची खालची कड धरून पान वर उलटले, आणि ती गप्प झाली. मागची सगळी अक्षरे खाली डोके, वर पाय.

पोथीची पाने पुस्तकासारखी बाजूला उलटत नाहीत, वर उलटतात. हे आम्हाला इतके अंगवळणी की सांगायचे असते हेच सुचले नव्हते. आणि विनोदिनीने पाने पुस्तकासारखी पाठपोट छापली होती.

मी चौकातल्या एसटीडीवरून फोन लावला.

"उलटी कशी येईल, काका? मी डमी करून पाहिली होती."

अक्का पान कसे उलटते ते मी सांगितले.

"वर? खालची कड धरून?"

"हो."

"सासूबाई वाचायच्या तेव्हा मी आत पोळ्या लाटत असायचे हो. पोथी कधी समोर बसून बघितलीच नाही. डमी केली ती माझ्या हाताने." मग म्हणाली, "अक्कांना बाजूला उलटता येतं का, बघता?"

घरी येऊन ते पाहिले. अक्का मनापासून करत होती, पण डोळे ओवीत गुंतले की हात आपला वरच जाई. मग उलटे पान सरळ करायला ती चाचपडे, ओळ हरवे, आवाज तुटे. "हात ऐकत नाही रे," ती म्हणाली.

शालिग्राम हळूच म्हणाले, "राहू द्या, वहिनी. सकाळी कॅसेट आहेच." आणि त्यांनी टेपरेकॉर्डर देवळात नेऊन ठेवला.

मी पुन्हा फोन केला. विनोदिनीने फक्त विचारले, "सकाळी किती वाजता बसतात? बरं. मी निघते."

दिवस मावळताना ती उतरली. खांद्याला वैष्णवीचे शाळेचे दप्तर, त्यात प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेला उरलेला कागद आणि फ्लॉप्या. पाणीही न पिता अक्कासमोर बसली. "अक्का, जुन्या पोथीतलं वाचा, येईल तेवढं. माझ्याकडे बघू नका."

"तू कुठे बघणार आहेस मग?"

"तुमच्या हाताकडे."

अक्का हसली नि वाचू लागली. विनोदिनी त्या सुरकुतलेल्या हाताकडे असे पाहत होती, जसे मी तिच्या पडद्याकडे पाहत आलो होतो. हात कडेला जातो, ओवी संपायच्या आधीच अंगठा पानाखाली सरकतो, शेवटच्या शब्दाबरोबर पान वर जाते. काही पाने अशी गेल्यावर ती उठली. "चला, काका. कळलं."

बसस्टँडजवळ एक टाइपसेटिंगचे दुकान उघडे होते. तिथल्या पोराने फ्लॉपी घातली आणि ओरडला, "दीदी, ये तो कीडे-मकोडे आ गए!" खरेच, पडद्यावर अक्काच्या खंडोबाच्या जागी नुसती इंग्रजी अक्षरांची आणि चिन्हांची खिचडी.

"नवरीची पेटी उघडायची आहे अजून," असे मला म्हणून विनोदिनीने दुसरी फ्लॉपी दिली. फॉन्ट चढला. फाइल पुन्हा उघडली, आणि त्या खिचडीतून मल्हारी मार्तंड जिथल्या तिथे उभा राहिला. एक काना इकडचा तिकडे झाला नव्हता. मी नकळत हात जोडले. दुकानदार पोर माझ्याकडे पाहू लागले.

पुढच्या बाजू सगळ्या छापून झाल्या. मला वाटले, आता मागचे एकेक पृष्ठ कॉम्प्युटरवर उलटे करत बसावे लागणार. तसे मी विचारले.

"फाइलला हात लावायचा नाही, काका. ती बरोबर आहे. कागद कसा घालायचा ते मला कळलं नव्हतं."

तिने छापलेल्या कागदांचा गठ्ठा टेबलावर ठेवला आणि, ताट फिरवून वाढणाऱ्याकडे करावे तसा, जागच्या जागी अर्धा फिरवला. मग प्रिंटरमध्ये घातला. एवढेच केले तिने. पहिले पान बाहेर आले तशी खालची कड धरून, अगदी अक्कासारखा अंगठा आत घालून, तिने ते वर उलटले. अक्षरे सरळ होती. "अब ठीक है," ती त्या पोराला म्हणाली, "पूरा निकाल दो."

सकाळी देवळात नेहमीची माणसे जमली. चौरंगावर नवी पोथी, खाली लाल बासन तेच. टेपरेकॉर्डर शालिग्रामांच्या हाताशी, कॅसेट घातलेली. विनोदिनी माझ्याजवळ, पार मागे, भिंतीला टेकून बसली.

अक्काने नमन म्हटले आणि वाचायला सुरुवात केली. पहिले पृष्ठ संपत आले. अंगठा पानाखाली सरकला, पान वर गेले आणि आवाज पुढे चालू राहिला. दुसरे पान. तिसरे. कुठे पान उलटले हे डोळे मिटून बसलेल्याला कळलेही नसते. विनोदिनीची डाव्या हाताची दोन बोटे मांडीवर हलली, मघापासून दर पानाला हलत होती. अध्याय पुरा होऊन अक्काने घंटा वाजवली, तेव्हा शालिग्रामांनी उठून टेपरेकॉर्डरची वायर काढली आणि तो उचलून घरात ठेवून आले.

त्यानंतर अक्का हयात असेपर्यंत ते आसन तिचेच राहिले.

त्या दिवशी प्रसाद घेताना अक्काने विनोदिनीला जवळ बोलावले आणि तिची बोटे आपल्या हातात घेऊन एकेक चाचपून पाहिली. "एवढं मोठं अक्षर, एवढी पानं. हात दुखला असेल ग तुझा?"

मला वाटले ही सांगेल, अक्का, ते मशीन लिहिते.

"दुखला थोडा," विनोदिनी म्हणाली.