पोचल्याशिवाय झाडायचं नाही

मुंबई आणि शिकागोच्या विमानतळांमध्ये तेरा हजार किलोमीटरच्या आसपास अंतर आहे, असं जावयानं फोनवर सांगितलं होतं. हे आभाळातलं, सरळ रेषेतलं अंतर. आमच्या वरवट बकाल गावाहून मुंबईला पोचायचं अंतर त्यात कुणी धरत नाही.

पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं असतं. लेकीला येता येईना, म्हणून माहेरच तिकडं निघालं. म्हणजे बायको निघाली. मी कापसासाठी मागं राहिलो. त्या साली बीटीच्या बोंडांत गुलाबी अळी शिरली होती. बोंडअळीचा त्रास नाही, असं बियाण्याच्या पाकिटावर छापलेलं होतं. अळीनं ते वाचलेलं दिसलं नाही. जो कापूस हाती आला तो समोरच्या खोलीत चढ्या भावाची वाट पाहत पडला होता.

निघायच्या आदल्या दिवशी स्टँडवर तिच्या परदेशगमनाचा फलक लागला. त्यावर शुभेच्छा देणाऱ्या पुढाऱ्याचा फोटो दाराएवढा आणि बायकोचा पासपोर्टएवढा. ते पाहून तिनं एवढंच विचारलं, की जाऊन कोण राह्यलं, मी का हा?

ती गेली, त्याच्या दुसऱ्या दिवशी झाडलोट करणारी बाई उंबऱ्यातच थांबली. घरचं माणूस प्रवासाला निघालं की ते पोचेपर्यंत आमच्याकडं घर झाडत नाहीत. नियम अकोल्याला जाणाऱ्या माणसापुरता बेतलेला. सकाळी गेलं, दुपारी पोचलं, तिसऱ्या प्रहरी झाडू फिरला. हिला शेगावहून रेल्वे, मग मुंबईचं विमान, मग आखातात विमान बदलायचं. तेही एकटीनं. इंग्रजीशी तिचा संबंध औषधाच्या बाटलीपुरता.

माझा असल्या गोष्टींवर विश्वास नाही. बाईला मी तसं सांगितलं, आणि तरी राहू दे म्हणालो.

विमान बदलताना ती फोन करणार होती. तो आला नाही. लेकीलाही काही कळलेलं नव्हतं. कापसाचे पुंजके वाऱ्यानं घरभर झाले. चालताना पायाला चिकटायचे. सकाळी बाईनं पुन्हा दारातूनच विचारलं,

"पोचल्या काय हो वहिनी?"

नाही म्हणालो. स्वतःलाच धीर म्हणून तिला पृथ्वीचं फिरणं समजावलं. तिथं अजून कालचाच दिवस आहे, असं सांगितलं.

"काल तं त्या अठीबी नव्हत्या अन् तठीबी नव्हत्या," बाई म्हणाली. "मंग होत्या कोठी?"

माझाही प्रश्न तोच होता. एवढा भूगोल वाचलेला माणूस मी, चहा टाकायला आत गेलो.

त्या संध्याकाळी फोन आला तेव्हा मी देवापुढं दिवा लावत होतो. ती नव्हती म्हणून ते काम माझ्याकडं आलेलं. आखातात विमान रखडलं, खुर्चीवर झोपले, फोन कुणाला मागायची लाज वाटली, असं ती भराभर सांगत गेली. आता लेकीच्या घरी होती. मागून लेकीचं हसणं ऐकू येत होतं.

"आता झाडून घ्या," ती म्हणाली. "लय कचरा झाला असन."

दिवे लागल्यावर केर काढायचा नाही, हा नियम तिनं आजवर पाहुण्यांनाही मोडू दिला नव्हता. पण तिच्याकडं सकाळ होती. आमच्या लग्नानंतर पहिल्यांदाच, घरी दिवस आहे की रात्र, हे तिच्या ध्यानात नव्हतं.

"कोपऱ्यातलाबी काढजा," ती म्हणाली.

मी बरं म्हटलं, झाडू उचलला, आणि कापसातून वाट काढत आधी दाराला कडी लावायला गेलो.