बारकूमावशी आणि बाळंतिणीची शेगडी

बारकूमावशी घरात शिरल्या की आधी बाळाकडे बघायच्या नाहीत. दारात चपला भिरकावून थेट माझ्या खोलीत यायच्या, खिडकी सर्रकन उघडायच्या आणि आईने खाटेशेजारी ठेवलेली निखाऱ्यांची शेगडी उचलून गॅलरीत नेऊन ठेवायच्या. मग म्हणायच्या, "हां, आता आना तुमच्या राजाला."

नाव बारकू, पण अंगाने दोन माणसांच्या. डोंबिवलीतला आमचा टॉवर उभा आहे, तिथे पूर्वी त्यांच्या घरची भातशेती होती. आता मुलाचा बंगला, मोठी गाडी. तरी बाळंतिणींना तेल लावायचं काम त्यांनी सोडलं नव्हतं. त्याच गाडीतून यायच्या, ड्रायव्हरला खाली ताटकळत ठेवून माझी पाठ रगडायच्या. जमीन विकली असली तरी तिच्यावरच्या घरांत हुकूम चालवायचा हक्क त्यांनी स्वतःकडेच ठेवला होता.

माझी आई साताऱ्याकडची. बाळंतिणीला वारा लागू द्यायचा नाही, हा तिचा धर्म. "शेगडी बाहेर आणि बाळंतीण आत! शेक काय गॅलरीला द्यायचाय?" ती फणकारायची. मावशी गॅलरीत फडकं तापवून माझ्या कमरेवर दाबत म्हणायच्या, "शेक फरक्यानं लागतो गो. कोलसा खोलीत कोंडला त निजलेला मानूस उठत नाय."

"आमच्याकडं पिढ्यान्‌पिढ्या खाटेखालीच ठेवतात."

"तुमच्याकडं कौलं व्हती. कौलातून वारा काय, बाप्पा पन आत येल. हितं काचेच्या डब्यात ऱ्हाता तुमी."

आई बाळाची दृष्ट काढायला बसली तरी यांचं सुरूच. "दृष्ट काढा, पन खिरकी उघरून काढा. नायतर ती जाईल कुठून?"

एका रविवारी त्यांच्या भाच्याची हळद होती, म्हणून सुट्टी. आई या संधीची वाटच बघत होती. तिने शेगडी खाटेखाली सरकवली, खिडक्या लावल्या, दाराच्या फटीत चादर कोंबली आणि निखाऱ्यांवर ओवा टाकला. अर्ध्या तासात माझं डोकं ठणकायला लागलं, मळमळायला लागलं. जागरणामुळे असेल असं मला वाटलं. शेकाच्या वेळी अख्खी इमारत डोक्यावर घेणारं माझं बाळ मात्र एकदम गप्प झालं.

"बघ," आई खुशीत म्हणाली, "खरा शेक लागला की कसं शांत निजतं." ती स्वतःही भिंतीला टेकून पेंगत होती.

केरवालीसाठी बाहेरचं दार नुसतं लोटलेलं होतं. तेवढ्यात मावशी आल्या: पिवळी साडी, डोक्यात गजरा, हातात आमच्यासाठी हळदीच्या जेवणातल्या वड्यांचा डबा. डबा ठेवून निघणार होत्या.

"बाल रडत का नाय?"

उत्तराची वाट न बघता त्यांनी खोलीचं दार ढकललं, बाळाला उचललं, मला दंडाला धरून ओढलं आणि आईला अशी शिवी हासडली की ती इथे लिहिता येणार नाही. शिवी ऐकून आई खडबडून उठली आणि धडपडत आमच्या मागे आली. आम्हाला जिन्यातल्या मोकळ्या हवेत बसवून त्या पुन्हा आत गेल्या, खिडक्या उघडल्या, शेगडी बाहेर काढली. त्यांच्याच गाडीतून आम्ही दवाखान्यात पोचलो.

आम्हाला ऑक्सिजन लावला. डॉक्टर म्हणाले, "कोळशाचा विषारी वायू. याला रंग नाही, वास नाही. कुणालाच कळत नाही."

"मना कलला," मावशी म्हणाल्या.

बाळ संध्याकाळी रडलं. इतका गोड आवाज मी आजवर ऐकलेला नाही.

घरी आल्यावर आईने बाळाला हात लावायचं सोडलं. स्वयंपाकघरातच बसून राहायची. "मीच मारलं असतं त्याला," एवढंच म्हणायची. दोन दिवसांनी मावशी आल्या आणि तेलाची वाटी बाजूला ठेवून धपकन तिच्याशेजारी बसल्या. मला वाटलं, आता टोमणा येणार.

"माजी पयली पोर," त्या म्हणाल्या. "नवीन स्लॅबचं घर व्हतं. मीच शेक दिला, दारं-खिरक्या समद्या लावून. ती गप झाली तवा मी सासूला सांगलं, बघा, कशी निजली."

महिनाभर मी या बाईच्या वात्रटपणाला हसत होते. त्या दिवशी मला कुठे बघावं ते कळेना. आईने त्यांच्या खांद्यावर डोकं टेकलं आणि ती हमसून हमसून रडली. तेवढ्यात आत बाळाने भोकाड पसरलं. सवयीने आई उठायला लागली, तर मावशींनी तिचा हात घट्ट धरून ठेवला.

"रडू दे गो," त्या म्हणाल्या. "ऐकू दे जरा."