कानानं टायमिंग लावणारे मिस्त्री

“थांबा सर, आइकू द्या.”

आमच्या समोरच्या घरातले मिस्त्री आधी माणसाला गप्प करायचे. गाडीचा मालक दुखणं सांगायला लागला की यांचं बोट वर, डोळे बंद. मग लांब पेचकसाचं टोक इंजिनावर आणि मूठ कानाला.

माझ्या स्कूटरचं त्यांनी एकदा असंच ऐकलं. बेअरिंग गेल्याचं मी आठवडाभर शाळेत सांगत फिरत होतो. मिस्त्री म्हणाले, “बेरिंग नाई सर. डिक्कीतल्या डब्ब्यात चमचा वाजून राह्यला.” यंत्रातलं मला काहीही कळत नाही, असा ठराव त्या दिवशी आमच्या घरात पास झाला. बायकोनं मांडला, मुलांनी अनुमोदन दिलं.

तुमच्या गल्लीत असा मिस्त्री असेल तर तुम्ही पाहिलंच असेल, नव्या गाड्या त्यांच्याकडे येत नाहीत. त्या शोरूमला जातात, तिथे लॅपटॉप जोडतात. हळूहळू मिस्त्रींकडे फारसं कोणी येईना. बायको गेलेली, मुलगी हैदराबादला. घरात भांडं पडलं तरी तेच पाडणार आणि तेच उचलणार.

मग एक दिवस त्यांनी अंगणातल्या स्वतःच्या जुन्या कारचं इंजिन उघडलं.

“काऊन मिस्त्री, विकता का?”

“विकतो कायले? दम वाढवतो तिचा. कान काय करू शकते, दाखवतो सगळ्याइले.”

नागपूरहून त्यांनी वरून फुगीर असलेले पिस्टन आणले. मला समजावलं, म्हणजे प्रयत्न केला. पिस्टनचं डोकं वर आलं की वरची जागा कमी होते, पेट्रोल आणि हवा जास्त दाबली जाते, धक्का जोरात बसतो. मी मान हलवली.

“पन आपल्या पंपाचं साधं पेट्रोल एवढा दाब सहन नाई करत. चढावर टिणटिण करते. तशीच चालवली तं पिस्टनले भोक पडते. म्हनून टायमिंग, म्हंजे ठिणगी पडाची येळ, मागं घ्या लागते, आवाज जाये परेंत. मशीन नाई पाह्यजे त्याले. कान पाह्यजे.”

इंजिन बसलं, टायमिंग त्यांनी कानानं लावलं. अख्ख्या गल्लीला पेढे. पहिल्या फेरीला शेजारच्या सीटवर मी, कारण मला नाही म्हणता येत नाही.

रेल्वेच्या उड्डाणपुलाचा चढ लागला. मिस्त्रींनी पाय दाबला, गाडी खरंच उसळली, आणि मला ऐकू आलं, डब्यात खडे हलवावेत तसं. माझा इतिहास लक्षात घेऊन मी आधी मागच्या सीटवर डबा आहे का पाहिलं. नव्हता.

“मिस्त्री, आवाज येऊन राह्यला.”

“कायचा आवाज? मख्खन चालून राह्यली.”

“टिणटिण.”

त्यांनी पुलापलीकडे गाडी थांबवली. माझ्याकडे पाहिलं. मी थट्टा करतोय का, ते त्यांना पाहायचं होतं बहुतेक. गाडी वळवून पुन्हा चढावर घेतली, काच खाली, डोकं बाहेर. मला या वेळी जास्तच स्पष्ट ऐकू आलं.

“आता येते का?”

“येते.”

त्यांनी गाडी कडेला घेतली.

“मले नाई येत, सर.”

मग खाली उतरले, बॉनेट उघडलं, टायमिंग केसभर मागे घेतलं. “चढावर आवाज आला की हात वर करा. बोलू नका, गाडीत बोललेलं धड समजत नाई मले.” हेही मला तेव्हाच कळलं. आयुष्यभर पोरांना हात वर करायला लावणारा मी, चढावर हात वर करत राहिलो. मिस्त्री रस्ता कमी आणि माझा हात जास्त बघत होते. प्रत्येक वेळी उतरायचे, थोडंसं फिरवायचे, पुन्हा चढ. शेवटी एकदा माझा हात मांडीवरच राहिला. त्यांनी खात्री करायला पुन्हा एकदा पाहिलं.

“झालं,” ते म्हणाले. गाडी सुंदर चालत होती.

दुसऱ्या दिवशी एक जुनं गिऱ्हाईक जीप घेऊन दारात आलं. “मिस्त्री, जरा आइका ना हिचं.” मिस्त्री पायरीवरून उठले नाहीत. “शोरूमले नेजो बाबू. तिथं बरोबर सांगतीन.” त्यानंतर त्यांनी कोणाचीच गाडी घेतली नाही. मुलीनं कानाचं यंत्र पाठवलं, ते घालत नाहीत. म्हणतात, त्यात सगळ्या गाड्या सारख्याच वाजतात.

आता संध्याकाळी ते कार सुरू करतात, बॉनेटवर तळवा ठेवून उभे राहतात आणि तिच्याशी बोलतात. त्यांना वाटतं, आपण पुटपुटतोय. ते अख्ख्या गल्लीला ऐकू जातं. आज वांगे केलते. तिखट जास्त झालं. पोरीचा फोन नाई आला, कामात असन.

त्या वेळी आमच्याकडे टीव्हीचा आवाज कमी होतो. कोणी सांगत नाही, होतो. आणि बायको पोळी लाटता लाटता, मान वर न करता, उत्तर देते, “दही टाका ना भाऊ त्याच्यात थोडं.”