देवमनच्या जोडीचा माणूस

अमरावतीच्या वीर अर्जुन क्रीडा मंडळाने देवमन गावंडे यांना घेतले ते उंची पाहून. दुसरे काही पाहण्यासारखे नव्हते. १९५७ च्या उन्हाळ्यात ते बडनेऱ्याच्या फलाटावर भावाची वाट पाहत उभे होते. मंडळाचे अध्यक्ष खुशालराव यांना गाडीच्या खिडकीतून गर्दीच्या टोप्या आणि फेटे दिसले, आणि त्या सगळ्यांच्या वर खांद्यापासून एक माणूस दिसला. ते खाली उतरले.

"बास्केटबॉल खेळतं काय?"

"थे काय असते?"

"मलेई नीट मालूम नाई. वर एक कडी असते, तिच्यात चेंडू टाका लागते. तुले उडी मारायची गरज नाई."

खुशालराव मंडळाचे अध्यक्ष होते, कारण मंडळाचे मैदान त्यांच्या जागेवर होते. त्यांना खरा शौक शंकरपटाचा, म्हणजे बैलजोड्यांच्या शर्यतीचा. वऱ्हाडातल्या बहुतेक पटांत त्यांची जोड पळालेली होती आणि बऱ्याच ठिकाणी पहिली आली होती. गावात त्यांची काळी जमीन होती, शहरात कापसाच्या एका जिनात भागी होती. देवमनला त्यांनी या जिनाच्या फाटकावर काम दिले आणि जिनामागची एक खोली दिली. खोलीचे छप्पर इतके खाली होते की देवमनला आत मान वाकवून वावरावे लागे. पण त्यांची बायको कौशल्या हिने ती खोली पाहताच चूल कुठे मांडायची ते ठरवून टाकले. लग्नापासून ती दिराच्या घरी राहत होती आणि जाऊ पातेले उतरवील तेव्हा तिला चूल मिळे.

खेळाडू म्हणून देवमन तीन वर्षांत होते तिथेच राहिले. ते कडीखाली उभे राहत. चेंडू त्यांच्याकडे येई, हातांना लागे आणि निघून जाई. संघाचा कप्तान चंद्रभान शाळेत कवायत शिकवत असे. देवमनच्या छातीइतका असलेला हा माणूस रोज मैदानाच्या मधून ओरडे, "गुडघे वाकव, देवमन! गुडघे!" देवमनला ही सूचना अपमानाची वाटे. ते घरी सांगत, "उंच म्हणून आणलं, अन् आता वाक म्हणते."

अमरावतीचा अकोल्याशी दर हिवाळ्यात सामना होई. अकोल्याकडे उत्तमराव नावाचा एक उंच खेळाडू होता, त्यामुळे दोन्ही बाजूंना एकेक उंच माणूस असे आणि निकाल बाकीच्यांवर लागे. १९६० च्या दिवाळीनंतर बातमी आली की अकोलेवाले दुसरा उंच माणूस आणत आहेत. खुशालरावांनी जिनाच्या ऑफिसात बैठक बोलावली. देवमन फाटकावरून येऊन दारात उभे राहिले. त्यांना कोणी काही विचारले नाही.

चंद्रभानचे म्हणणे स्पष्ट होते. "काका, आपल्याले उंच माणूस नाई लागत. चेंडू झेलणारा माणूस लागते. आता एकाच्या हातून पडते, मंग दोघाईच्या हातून पडन."

"एका बैलानं कधी पट मारला काय?" खुशालरावांनी विचारले. "हा देवमन तिथं एकटा उभा राह्यते. त्याले जोड नाई, म्हणून तो बुजते. जनावर एकटं असलं का बुजते."

"काका, तो जनावर नाई."

"मालूम आहे मले. पण मले जनावराईचं समजते, माणसाईचं नाई समजत. म्हणून जे समजते त्याच्यावरून सांगून राह्यलो."

दुसरा उंच माणूस आणायचा हे ठरले. तो कसा हवा हेही खुशालरावांनीच ठरवले. देवमनइतका, ना कमी ना जास्त. एक उंच आणि एक ठेंगणा असला की जू कलते. त्यांनी देवमनला दाराच्या चौकटीला पाठ लावून उभे केले, एक बांबू मागवला आणि डोक्याच्या रेषेवर तो स्वतः कापला. उद्या परतवाड्याचा बाजार होता. तिथल्या लाकडाच्या डेपोंत उंचेपुरे लोक कामाला असतात. हा बांबू घेऊन जायचे आणि त्याच्या मापाचा माणूस आणायचा. बांबू रात्री ठेवायला देवमनकडे दिला.

कौशल्याने बांबू भिंतीला टेकवला आणि त्याच्याकडे बराच वेळ पाहिले.

"तुमच्याएवढा आला, अन् त्याच्या हातात चेंडू राह्यला, मंग?"

"मंग काय?"

"मंग तुमी काय कामाचे? फाटक त्याले, खोली त्याले. मी जावेच्या चुलीवर परत चहा मांडत नसते, सांगून ठेवते."

देवमन म्हणाले, यात आपण काय करणार. कौशल्याने जिनातल्या सुताराची करवत मागून आणली आणि बांबू चार बोटे कापला. तिचा हिशेब सरळ होता. बांबू आखूड असला की येणारा माणूस आखूड येईल, आणि मंडळात सगळ्यांत उंच देवमनच राहतील. देवमनला हे पटले. दुसऱ्या दिवशी सकाळी परतवाड्याच्या एस.टी.त बसेपर्यंत पटलेलेच होते.

बसमध्ये खुशालराव बांबू मांडीवर आडवा घेऊन बसले. अचलपूर जवळ येताना त्यांना आपला लाल बैल आठवला.

"तसा बैल मी पुन्हा पाह्यला नाई, चंद्रभान. वाऱ्यासारखा पये. पण जोडीदारापेक्षा चार बोटं उंच निघाला."

"मंग?"

"मंग काय. इकला."

"पयणारा बैल इकला? अन् बारका ठेवला?"

"बारका मापात होता. जो मापात नाई तो गेला पाह्यजे. त्याच्यात त्या बैलाचा दोष नाई."

पुढच्या बाकावर बसलेल्या देवमनला या वेळी पहिल्यांदा लक्षात आले की बांबूच्या मापात नसलेला माणूस आता ते स्वतःच होते.

परतवाड्यात खुशालरावांनी लाकडाच्या डेपोपुढे बांबू उभा धरला आणि येणाऱ्या-जाणाऱ्यांकडे पाहू लागले. लोक जमले. हा कशाचा खेळ आहे, असे काहींनी विचारले. थोड्या वेळाने एका ट्रकमधून एक शीख ड्रायव्हर उतरला. तो बांबूपेक्षा वीतभर उंच होता. चंद्रभान धावत गेला, त्याच्याशी हिंदीत बोलला आणि धावत परत आला. "काका, तयार आहे तो! लुधियान्याले खेळला आहे म्हणते. त्याचा हात कडीले लागते, काका!"

खुशालरावांनी ड्रायव्हरशेजारी बांबू धरून पाहिला. "नाई जमत."

"काहून?"

"उंच आहे."

"काका, उंचच माणूस पाह्याले आलो ना आपण?"

"जोड पाह्याले आलो."

चंद्रभान बांबूपासून दूर जाऊन एका ओंडक्यावर बसला.

माप जुळले ते पुंजाजीचे. सागाचे ओंडके रचणारा हा तरुण सातवी पास होता. खुशालराव बांबू घेऊन त्याच्याजवळ गेले, तेव्हा त्याने हातातले काम थांबवले नाही.

"काय मोजून राह्यले?"

"तुले. सरळ उभा राहाय."

"आदी तुमी राहा," पुंजाजी म्हणाला. त्याने बांबू त्यांच्या हातातून घेतला आणि त्यांच्याच शेजारी उभा केला. खुशालराव बांबूच्या पाऊण भागापर्यंत आले. "तुमचा नंबर नाई लागला वाट्टे," पुंजाजी म्हणाला आणि मग आपल्या डोक्यावर तळहात ठेवून बांबूला टेकला. बरोबर जुळला. बोटाचाही फरक नव्हता.

त्याला काम सांगितले, जिनात कापूस तोलायच्या काट्यावर. खेळ सांगितला. त्याने एकच गोष्ट विचारली. "जिनात प्यायच्या पान्याचा माठ एक आहे का दोन?"

"एकच."

"मंग येतो."

आता खुशालरावांनी दोघांना शेजारी उभे राहायला सांगितले. देवमनच्या अंगावर धोतर होते. त्यांनी धोतराच्या आत गुडघे वाकवले आणि चार बोटे खाली आले. खुशालराव मागे गेले, एक डोळा मिटून दोघांच्या डोक्यांवरून नजर टाकली, आणि बैलांच्या बाजारात सौदा जुळल्यावर म्हणतात तसे समाधानाने "हं" म्हणाले.

परतीच्या बसमध्ये पुंजाजी देवमनच्या शेजारी होता. बस सुटल्यावर तो हळूच म्हणाला, "भाऊ, तुमी डेपोत आले तवा जरा लंबे होते."

देवमनने त्याला सगळे सांगितले. बांबू, करवत, खोली, लाल बैल. पुंजाजी तोंडावर उपरणे धरून हसला.

"मंग असं करू," देवमन म्हणाले, "थोडा तू चवड्यावर राहा, थोडा मी वाकतो."

"ते नाई जमणार. चार वर्सं झाले, आमच्या घरी सगळ्याईनं बुद्धाची दीक्षा घेतली. तवापासून खाली-वर होणं बंद आहे. मी आहो तेवढाच राहीन. तुमी वाका."

देवमन वाकले. सरावाला हाफपँट असे, तिथे धोतराचा आडोसा नव्हता. पहिल्याच संध्याकाळी खुशालरावांनी मैदानाच्या कडेला खुर्ची टाकली आणि थोड्या वेळाने विचारले, "ह्याचे गुडघे काहून वाकले रे?"

उत्तर चंद्रभानने दिले. तीन वर्षे ओरडून ओरडून त्याचा घसा गेला होता. त्याने पाहिले की या माणसाने अखेर ऐकले. "मीच सांगतलं, काका! हाच खरा पवित्रा आहे!"

"मंग दुसरा काहून नाई वाकत?"

"तो नवा आहे."

पुंजाजी ताठ उभा राहिला, देवमन वाकून. त्यांची डोकी एका रेषेत होती आणि खुशालरावांचे तेवढ्याने भागत होते. चेंडूही आता देवमनच्या हातात राहू लागला, कारण वाकलेल्या गुडघ्यांनी माणसाचा तोल राहतो, हे चंद्रभान पहिल्यापासून सांगत होता. संघ शहरातले सामने जिंकू लागला. खुशालराव ज्याला त्याला सांगत, "जोड मिळाली अन् बुजणं गेलं." देवमनच्या मांड्या रात्री दुखत. कौशल्या तेल लावून देई आणि म्हणे, "दुखू द्या. खोलीचं भाडं समजा."

अकोल्याचा सामना जानेवारीत झाला. मोर्णा नदीच्या अलीकडे मुरमाचे मैदान होते, लोक चांगले जमले होते. अकोल्याचा दुसरा उंच माणूस म्हणजे लग्नाच्या वरातीत मोठा ढोल वाजवणारा एक बँडवाला निघाला. तो चेंडू पोटाशी धरी आणि कोणी मागितला तरी देत नसे. सामन्याआधी चंद्रभानने अकोल्याच्या चिटणीसाला विचारले, "हा कोठून आणला?"

"काय करता? तुमी दुसरा शोधून राह्यले असं आयकलं. म्हणून आमालेई शोधा लागला."

"आमी तं तुमचं आयकून शोधला."

तेवढ्यात शिट्टी झाली.

शेवटच्या मिनिटाला अमरावती एका गुणाने पुढे होती. उत्तमरावांनी फेकलेला चेंडू कडीवर आपटून सरळ वर गेला आणि खाली येऊ लागला. कडीखाली देवमन आणि पुंजाजी शेजारी शेजारी होते. समोर, रेषेच्या बाहेर, खुशालरावांची खुर्ची होती. पुंजाजीने टाचा न उचलता हात जाईल तितका वर नेला. देवमननेही नेला. चेंडू पुंजाजीच्या बोटांच्या जरा वर होता. गुडघे सरळ करताच तो देवमनच्या हातात आला असता. हे देवमनला दिसत होते, पुंजाजीला दिसत होते आणि मैदानाच्या मधून चंद्रभानला दिसत होते. तो जन्मात पहिल्यांदा उलटे ओरडला, "ताठ हो! देवमन, ताठ हो!"

देवमनने खुर्चीकडे पाहिले आणि वाकलेलेच राहिले. चेंडू दोन्ही हातांवरून मागे गेला, बँडवाल्याच्या पोटावर आपटला आणि तिथून उत्तमरावांकडे. त्यांनी तो कडीत टाकला. अकोला जिंकले.

पुंजाजी म्हणाला, "भाऊ, सरळ झाले असते तं जितलो असतो."

"जितलो असतो अन् भावाच्या घरी गेलो असतो," देवमन म्हणाले.

बडनेऱ्याकडे येणाऱ्या गाडीत चंद्रभान सगळ्यांकडे पाठ करून बसला. खुशालराव मात्र खुशीत होते. "हारलो तं हारलो. पण त्या टायमाले दोघाईचे हात पाह्यले काय? एका रेषेत! असं मी पटातबी पाह्यलं नाई." मूर्तिजापूर गेल्यावर चंद्रभानने शेवटी तोंड उघडले आणि कडवटपणे विचारले, आता तिसरा उंच माणूस पाहायचा का. खुशालरावांनी तो प्रश्न खरा धरला. "तिघाईची जोड असते काय, मास्तर?" ते म्हणाले, आणि तो विषय मंडळात पुन्हा निघाला नाही.

गाडी हळू झाली तेव्हा देवमनने धीर केला.

"काका, खोलीचं कसं मंग?"

"कोणती खोली?"

"जिनामागची. आमी राह्यतो ती."

"तिचं काय झालं? गळते काय?"

"नाई. म्हणजे, मी उद्या खेळाले नसलो तं..."

"खेळाचा अन् खोलीचा काय संबंध, लेका? फाटकावर माणूस लागते ना मले? राहाय तिथं." खुशालराव आपली पिशवी शोधू लागले.

पुंजाजीने खिडकीबाहेर पाहिले. त्याचे खांदे हलत होते.

खोली अशा रीतीने पक्की झाली. देवमन त्यानंतर चार हंगाम खेळले, पुंजाजीच्या शेजारी, वाकून. आता कशाची भीती उरलेली नसताना ते सरळ का उभे राहत नाहीत, हे कौशल्याला कळेना. तिने एकदा तेल लावता लावता विचारलेच.

"आता ताठ झालो," देवमन म्हणाले, "तं काका इचारतीन, हे चार बोटं इतके दिवस कोठी होते?"