बुढा म्हणजे कोण? सातारा ते कुरखेडा

"नकारच द्यायचा असेल तर निदान घर बघून द्या," असं मी बाबांना म्हणालो आणि आमचा चंद्रपूरचा प्रवास ठरला.

झालं होतं असं. माझी धाकटी बहीण मेघा तेव्हा पुण्यात नोकरी करायची. तिच्या ऑफिसातल्या प्रफुलशी तिला लग्न करायचं होतं. प्रफुल चंद्रपूरजवळच्या ऊर्जानगरचा, त्याचे वडील तिथल्या वीज केंद्रात ऑपरेटर. दिवाळीनंतर तो आमच्या साताऱ्याच्या घरी आला. मुलगा चांगला वाटला. पण चहा घेता घेता म्हणाला, "मेघाचं सांगितलं तर बुढा एकदम खूश झाला."

आईनं विचारलं, "बुढा म्हणजे कोण?"

"म्हणजे... माझे वडील."

बाबांनी बशी खाली ठेवली. तो गेल्यावर म्हणाले, "बापाला बुढा म्हणतो. याला आपली मुलगी द्यायची?"

"आपल्याकडेही 'आमचं म्हातारं रानात गेलंय' म्हणतातच की," मी म्हणालो.

"कुठंतरी म्हणत असतील. आपल्या घरात नाही."

मेघा रडली-भांडली नाही. "तुम्ही नाही म्हणालात तर मी करणार नाही," एवढंच म्हणाली, "पण मग दुसरं कुणी दाखवू नका." ते तिनं इतक्या शांतपणे सांगितलं की घरात सगळेच धास्तावले.

आईचे गुडघे दुखतात, म्हणून निघालो आम्ही दोघंच. कोल्हापूरहून गोंदियाला जाणारी महाराष्ट्र एक्सप्रेस साताऱ्याला संध्याकाळी मिळते आणि दुसऱ्या दिवशी दुपार टळल्यावर नागपूरला सोडते. प्रवास लांबलचक आहे. दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी भरपूर घ्या. नागपुरात बसस्टँडजवळच्या लॉजवर मुक्काम केला. खोली साधी, पण सकाळी बादलीभर गरम पाणी मिळालं.

सकाळी चंद्रपूरची एसटी पकडली. बाबा एसटीतूनच निवृत्त झालेले, वाहतूक नियंत्रक म्हणून. त्यामुळे गाडी किती मिनिटं उशिरा सुटली हे मला न विचारता कळलं. जाम, वरोरा, असा चार तासांचा रस्ता. कापूस वेचायला आलेला, मधूनच सोयाबीन काढलेली काळी रानं. वरोऱ्याला कॉलेजची दोन मुलं चढली आणि आमच्या मागं बसली.

"गाडी कुठी हाय बे तुही?"

"बुढ्यानं चाबी लपवून ठेवली ना. मार्क पाह्यले त्यानं."

बाबा माझ्याकडे बघून म्हणाले, "म्हणजे सगळा जिल्हाच असा आहे."

चंद्रपूरच्या स्टँडवर प्रफुल न्यायला आला होता. रजा काढून तो आमच्या आधी पोचला होता. आधी त्यानं तर्री-पोहे खाऊ घातले. तिखट जपून, पण चुकवू नका. तिथून ऑटोनं ऊर्जानगर. एकसारख्या क्वार्टर्सच्या रांगा, पाळी सुटलेल्या माणसांच्या सायकली, आणि कुठूनही दिसणारी उंच धुराडी. प्रफुलच्या आई दारातच उभ्या होत्या. आत वळून त्यांनी हाक मारली, "अहो बुढे, पाव्हणे आले ना!"

बनियनवर शर्ट चढवत गुलाबराव बाहेर आले. वय सत्तावन्न, केस काळेभोर. त्यांना या हाकेचं काहीच वाटलेलं दिसत नव्हतं. जेवताना बाई आग्रह करकरून आम्हाला वाढत होत्या आणि अधूनमधून तक्रारही करत होत्या, "आमचा बुढा गोळ्या घेत नाई वेळेवर. मलेच मांगं लागा लागते." बोलता बोलता त्यांनी गोळी काढून नवऱ्याच्या ताटाशी ठेवली.

शेवटी बाबांना राहवलं नाही. "गुलाबराव, स्पष्ट विचारतो. मुलगा तुम्हाला बुढा म्हणतो. राग नाही येत?"

प्रफुलचा घास हातातच राहिला. गुलाबरावांना मात्र हसू आलं. "काऊन येईन जी? तो 'बाबूजी' म्हणते ना, तवा मी भेतो. समजून जातो, काईतरी बिघडलं हाय!"

सगळे हसले. बाबा हसले नाहीत. रात्री अंथरुणावर पडल्यावर मला म्हणाले, "माणसं वाईट नाहीत रे. पण सवयच नाही अशी." मेघाचा मिस्ड कॉल आला होता. तिला काय सांगायचं हे मला कळत नव्हतं, म्हणून मी उलटा फोन केला नाही.

दुसऱ्या दिवशी त्यांच्या गावी निघालो. गाव कुरखेड्याच्या अलीकडे आहे, तिथं गुलाबरावांची भातशेती. ओळखीची जीप होती. मूल, गडचिरोली, आरमोरी करत चार तास लागतात. मूलपर्यंत दोन्ही बाजूंना सागाचं जंगल, नंतर वैनगंगेचा लांब पूल, आणि मग तळी आणि धानाच्या बांध्या, म्हणजे भाताची खाचरं, यांचाच सपाट पट्टा. पेट्रोल गडचिरोलीतच भरून घ्या. नोव्हेंबरात जा. धान कापणीला आलेलं असतं आणि हवेत त्याचा कोरडा, गोडसर वास असतो.

भात, लाखोळीची डाळ आणि वांग्याची सुकी भाजी असं जेवण झाल्यावर सगळे शेत बघायला गेलो. बाबांना भारी उत्साह. अरुंद धुऱ्यावरून, म्हणजे बांधावरून, ते पुढं पुढं चालले होते. एका ठिकाणी ओल होती, पाय घसरला आणि ते बांधीत पडले. उठायला गेले तर उजवा पाय टेकवेना. चेहरा पांढरा पडलेला.

प्रफुल पायातल्या चपला टाकून खाली उतरला आणि पाठ करून त्यांच्यापुढं बसला. "धरा काका, गळ्याला धरा."

"अरे, मी जड आहे."

"धानाचं पोतं नाई का आणत आम्ही? धरा."

मोठं अंतर होतं. दोनदा तो थांबला, पण बाबांना खाली उतरवलं नाही त्यानं. घरी पोचेपर्यंत घोटा सुजून टम्म झाला होता. गुलाबराव कुणाला तरी म्हणाले, "बुढ्याले बलाव."

मला वाटलं, पांढऱ्या दाढीचा कुणीतरी येईल. आला तो चाळिशीतला, खांद्यावर पंचा टाकलेला गोंड शेतकरी. आधी हात जोडून त्यानं विचारलं, "हात लावू का जी?" मग मोहाच्या बियांचं तेल कोमट करून तो सावकाश घोटा चोळू लागला. हाड मोडलेलं नाही, म्हणाला, तरी गडचिरोलीला फोटो काढून घ्या. (काढला. खरंच मोडलं नव्हतं.)

दुखणं जरा कमी झाल्यावर बाबांनी विचारलं, "तुम्ही तर तरुण आहात. तुम्हाला बुढा का म्हणतात?"

"माहा बाप गेला तवापासून म्हणते. घरातला मोठा ना मी आता. देवाचंही मीच पाह्यतो." त्यानं शिवारापलीकडच्या एका झाडाकडे बोट दाखवलं. "तिथी हाय आमचा. बुढादेव."

"देवालाही बुढाच?"

"मंग? सगळ्याइच्या आधीचा तोच नाई का?"

बाबांनी यावर बराच वेळ विचार केला असावा. संध्याकाळी अंगणात खाटेवर बसलेले असताना प्रफुल पाणी घेऊन आला आणि उभाच राहिला.

"काका, मेघानं सांगितलं मला सगळं. तुमच्यासमोर नाही म्हणणार आता."

"का नाही म्हणणार? तुझ्या वडिलांना तू काय हाक मारायची ते तुम्ही दोघं ठरवा. मला बाबा म्हण. मला बुढा ऐकायला वेळ लागेल."

प्रफुलनं मान खाली घातली. मी उठून धुऱ्याकडे गेलो आणि मेघाला फोन लावला. रेंज दोनदा गेली. तिसऱ्यांदा बाबांचा होकार सांगितला, तर ती फक्त "हो?" म्हणाली आणि रडायला लागली.

परतीचा प्रवास बाबांनी पाय समोरच्या बर्थवर ठेवून केला. साताऱ्याला आल्यावर आईनं विचारलं, "कसा आहे मुलगा?" तर म्हणाले, "पाठ मजबूत आहे." आईला काही कळलं नाही.

हा प्रवास करावा का, असं कुणी विचारलं तर मी जंगल आणि तळी सांगतो. माझ्याजवळ राहिलं ते मात्र वेगळंच. आठवडाभरानं मी त्यांच्या घोट्याला मलम लावत असताना बाबा आपणहून म्हणाले, "मी माझ्या वडिलांना कधी हाकच मारली नाही रे. भीती वाटायची. काही हवं असलं की समोर जाऊन उभा राहायचो, त्यांचं लक्ष जाईपर्यंत."

मी चोळत राहिलो. त्या दिवशी मलम जिरलं तरी मी हात काढला नाही.